मुकादमीण

ऑर्डर आली मंगळवारी.
घोडपदेवच्या चौकीत खैरेंनी ती मोठ्याने वाचली:
यशोधरा अनंत गमरे, सफाई कामगार,
बढतीने पद, मुकादम.
शेवटच्या शब्दाशी ते जरा अडकले,
गटाराच्या जाळीत खराटा अडकतो तसे.
चष्मा पुसला. म्हणाले,
आता तुला हाक काय मारायची गं?

पाटलाची पाटलीण,
कुळकर्ण्याची कुळकर्णीण,
तशी मुकादमाची मुकादमीण,
म्हणजे खैरेंची बायको.
ती अंबरनाथला असते, गुडघ्यांनी बेजार,
तिने कुणाची हजेरी घेतली नाही कधी,
नवऱ्याचीसुद्धा.

माझा नवरा साधा बिगारी.
सोळा वर्षं झाली त्याला जाऊन.
त्याच्या जागेवर लागले
तेव्हा कुणी विचारलं नाही
बिगाऱ्याच्या बाईला काय म्हणायचं.
अय म्हटलं की मी वळायचे.

शब्द घरात होताच तसा.
धाकट्या भावंडांना पाटावरून उठवलं
की आई चुलीजवळून ओरडायची,
जास्त मुकादमी करू नकोस!
म्हणजे काय ते तेव्हाच कळलं होतं:
स्वतः बसून दुसऱ्याला उठवणं.

कोपऱ्यावर चाव्या बनवतो इक्बाल.
आडनाव मुकादम, मूळ दाभोळकडचा.
त्याला पेढा दिला तर म्हणाला,
बाई, आता माझं आडनाव तुम्हाला लागलं!
मग कानस खाली ठेवून सांगितलं,
शब्द अरबी आहे.
ज्याला पुढे ठेवलं तो मुकादम.
कदम पण त्यातलाच. पाऊल.
मी विचारलं, तुमच्यात पुढे कोण होतं?
पणजोबा असतील, म्हणाला.
मी तर तीस वर्षं या स्टुलावर.

पुढे?

मी मुकादम पाहिला तो कायम मागे.
पाहिला तरी कुठे, ऐकला.
वाकलेल्या कमरेच्या मागे सपातांचा आवाज,
फट् फट्, थांबला
की समजायचं, नजर आपल्यावर आहे.
पोराच्या शाळेत बोलावलं होतं, दोन तास हवे होते,
तर हजेरीबुकात पन्नासची नोट घालून बुक मिटलं.
खैरे वाईट नाहीत.
नोट घडी न मोडता घेतली त्यांनी,
आणि पोराचे मार्क विचारले.

आज माझा पहिला दिवस.
शिट्टी दिली, टॉर्च दिला, ते बुक दिलं.
उघडलं तर सुमन वाघेलाच्या नावासमोर
पन्नासची नोट, तश्शीच घडी.
सुमनची सासू नायर हॉस्पिटलात आहे,
मला ठाऊक आहे,
तिला ठाऊक आहे की मला ठाऊक आहे,
तरी नोट आहेच.
कारण मी आता यशोधरा नाही ना.

नोट परत दिली का?
दिली. पण लगेच नाही.
चहा होईपर्यंत राहू दिली बुकात.
का, ते मला विचारू नका.

साडेसहाला टोळी निघाली.
मी सवयीने खराटा उचलला, मग ठेवला,
मग पुन्हा उचलला,
आणि चालायला लागले, सगळ्यांच्या पुढे.
मागे गडबड झाली.
पुढच्या मुकादमाबरोबर चालायचं कसं
ते कुणाला माहीत नव्हतं.
कुणी रेंगाळलं, कुणी धावत माझ्या बरोबरीला आलं,
मारुती तर सरळ म्हणाला,
तुम्ही मागे व्हा, आम्हाला सुचत नाही.

मी मागे झाले नाही.
पुढेही, खरं सांगायचं तर, नीट नव्हते,
दर दहा पावलांना मान वळत होती.

रे रोडच्या वळणाला
रात्री कुणीतरी बाटल्या फोडलेल्या.
अंधार होता. टॉर्च खिशातच.
मागून सुमन ओरडली,
अगं ए मुकादम,
पायाखाली बघ!